गॅलरीतली काजळी नक्की कुठली? शहराची हवा मोजणं आणि काळ्या कणांचा माग

रेवती_पुणे

नमस्कार मंडळी. आम्ही सिंहगड रस्त्याच्या भागात पाचव्या मजल्यावर राहतो. दिवाळी उलटली की गॅलरीच्या गजांवर काळा थर धरायला लागतो, तो होळीपर्यंत काही हटत नाही. आज पुसावं, उद्या बोट फिरवलं की पुन्हा काळं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये यावरून हमखास वाद होतो. कुणी म्हणतं मागच्या गल्लीतली बेकरी, कुणी म्हणतं रस्त्यावरचे डंपर, कुणी नदीकाठी पेटवला जाणारा कचरा, आणि एक काका ठामपणे सांगतात की हे सगळं उसाचं पाचट (वाळलेली पानं) जाळणाऱ्या शेतकऱ्यांचं काम. सासऱ्यांना दमा आहे, त्यामुळे माझ्यासाठी हा नुसता पुसापुशीचा विषय नाही.

मोबाइलवर जो एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक) दिसतो त्यात ही काजळी धरलेली असते का? कारण ज्या दिवशी गज काळेकुट्ट, त्याच दिवशी आकडा ‘समाधानकारक’. आणि काजळी बेकरीची की डिझेलची हे खरोखर कुणी सिद्ध करू शकतं का? जाणकारांनी कृपया लिहावं.

तुषार_औंध

ताई, चांगला विषय काढलात. माझ्या गच्चीवर लेझरवर चालणारा छोटा सेन्सर लावलाय. हिवाळ्यात रात्री आठ-नऊनंतर पीएम २.५ (अडीच मायक्रॉनहून बारीक कण) चढतो, मध्यरात्री जरा बसतो, पहाटे पुन्हा चढतो आणि दुपारी एकदम खाली येतो. ऑफिसच्या वेळा बघता गाड्या वाटतात. पण पहाटे पाचला रस्ता मोकळा असताना आकडा का चढावा, हे कळत नाही.

केशव_ठाणे

मी बरीच वर्षं हवेचे नमुने घेणं आणि फिल्टर तपासणं याच कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेवतीताई, एक्यूआयमध्ये काजळीला वेगळा रकाना नाही. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेला आपला राष्ट्रीय निर्देशांक आठ घटकांवर उभा आहे: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. यातल्या ज्याचा उपनिर्देशांक सगळ्यांत वाईट, तोच त्या दिवसाचा आकडा. काजळी पीएम २.५ च्या पोटात येते खरी, पण तिथे धूळ, सल्फेट, नायट्रेट, काजळी सगळ्याचं वजन एकत्र होतं. पीएम २.५ साठी आपली चोवीस तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, २००९ च्या मानकांप्रमाणे. त्या ६० मध्ये काजळी दोन मायक्रोग्रॅम आहे की बारा, हे त्या आकड्यातून कळत नाही. आणि ३१ ते ६० पर्यंत ‘समाधानकारक’च लिहून येतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी १५ आणि वर्षाच्या सरासरीसाठी ५ सुचवलेत, तेव्हा तो शब्द किती मनावर घ्यायचा ते दम्याचा पेशंट घरात असलेल्याने ठरवावं. काजळीसाठी त्यांनीही आकडा दिलेला नाही. पण ती पद्धतशीर मोजा, तिचे स्रोत शोधा आणि कमी करा, एवढं स्पष्ट म्हटलंय. आपल्याकडे तिला मानकच नाही, आणि मानक नसलं की मोजायची सक्तीही नसते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त हेच खटकतं.

आता गजांवरचा थर. तिथे बसतं ते बहुतेक जाडंभरडं: रस्त्याची धूळ, टायर झिजून पडलेले कण, काजळीचे मोठे पुंजके. ताजी काजळी म्हणजे काही दशांश-शतांश मायक्रॉनच्या मण्यांच्या साखळ्या. ती इतकी हलकी असते की सहजासहजी कुठे बसत नाही, तरंगत राहते आणि श्वासाबरोबर थेट खोलवर जाते. त्यामुळे गज स्वच्छ दिसले म्हणून हवा स्वच्छ असं होत नाही, आणि गज काळे दिसले म्हणजे ते सगळं फुप्फुसात चाललंय असंही नाही.

तुषार, पहाटेचं कोडं वाहनांच्या संख्येवरून सुटणार नाही. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवा गार पडते आणि वर उबदार हवेचं झाकण बसतं. दुपारी जो धूर हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत मिसळून जातो, तोच पहाटे शे-दोनशे मीटरमध्ये कोंडला जातो. म्हणजे तेवढाच धूर असला तरी आकडा कितीतरी पट. त्यात पहाटे बंब पेटतात, वॉचमनच्या शेकोट्या असतात, झाडलोट करून पालापाचोळा पेटवला जातो. दुपारी आकडा उतरतो तेव्हा गाड्या थांबलेल्या नसतात, झाकण उठलेलं असतं.

अनघा_एरोसोल

केशवकाकांना जोडून लिहिते, माझं संशोधन याच विषयात चालू आहे.

काजळी मोजायचं खास यंत्र आहे, एथॅलोमीटर. फिल्टरच्या पट्टीवरच्या एका ठिपक्यातून हवा ओढत राहायची. ठिपका काळा होत जातो, आणि त्यातून आरपार जाणारा प्रकाश किती घटला यावरून काजळी किती आली ते निघतं. ठिपका फार काळा झाला की पट्टी आपोआप पुढे सरकते. कॅलिफोर्नियातल्या बर्कली प्रयोगशाळेत टोनी हॅन्सन यांनी हे विकसित केलं. सध्या सर्रास वापरलं जाणारं मॉडेल सात तरंगलांबींवर मोजतं, ३७० नॅनोमीटरच्या अतिनीलपासून ९५० च्या अवरक्तापर्यंत. काजळीचा मुख्य आकडा ८८० वर घेतात, कारण तिथे काजळीशिवाय दुसरं फारसं काही प्रकाश शोषत नाही.

माग काढायला या सात तरंगलांबी कामी येतात. डिझेलची काजळी सगळीकडे काळीच असते. तरंगलांबी निम्मी केली की शोषण साधारण दुप्पट होतं, एवढंच. पण लाकूड, पाला, गोवऱ्या धुमसत जळतात तेव्हा काजळीबरोबर तपकिरी, डांबरट सेंद्रिय पदार्थही निघतात, आणि ते अतिनीलाकडे भलतंच जास्त शोषण करतात. म्हणून शोषणाचा आलेख किती तिरका आहे यावरून अंदाज येतो. हा तिरकेपणा सांगणारा आकडा म्हणजे घातांक; डिझेलसाठी तो १ च्या आसपास धरतात, लाकडासाठी २ च्या आसपास. स्वित्झर्लंडमधल्या रोव्हेरेदो या दरीतल्या गावात, जिथे एका बाजूला महामार्ग आणि घराघरात लाकडाच्या शेगड्या, तिथे ही पद्धत वापरून दोन्हींचे वाटे काढले होते. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला.

आता बेकरीबद्दल, कारण ताईंचा प्रश्न तिथेच अडलाय. हा घातांक इंधनापेक्षा जळण्याच्या तऱ्हेवर जास्त अवलंबून असतो. भट्टी नुकती पेटवली, लाकूड ओलं आहे, तर धूर तपकिरी. तीच भट्टी रसरशीत पेटली की धूर काळा आणि त्याचा घातांक पार डिझेलच्या जवळ. म्हणजे फक्त एथॅलोमीटर लावून ‘हे ट्रकचं, हे बेकरीचं’ असं कुणी छातीठोक सांगत असेल तर मी तरी मान्य करणार नाही.

तुषार_औंध

मग माझ्या सेन्सरचा काही उपयोग आहे की नाही?

अनघा_एरोसोल

आहे, पण कशाला ते समजून वापरला तर. हे स्वस्त सेन्सर कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात आणि ०.३ मायक्रॉनच्या खालचं त्यांना जवळजवळ दिसत नाही. ताजी काजळी त्याहून बारीक, शिवाय काळी, म्हणजे विखुरण्यापेक्षा शोषणच जास्त. सायलेन्सर शेजारी धरला तरी सेन्सर ती काजळी कमीच दाखवेल. उलट पहाटे दमट हवेत खारट कण पाणी पिऊन फुगतात, ते तो जास्त दाखवेल. तेव्हा एकाच ठिकाणच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच बनावटीचे दोन सेन्सर आधी शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक बघा, मग संशयित स्रोताच्या दोन बाजूंना, एक वारा येतो तिकडे आणि एक वारा जातो तिकडे लावा. दोन्हींना दमटपणा सारखाच लागतो, त्यामुळे त्यांच्यातली तफावत कामाची असते.

पाटील_कराड

मी ऊस करतो, म्हणून त्या काकांच्या आरोपावर लिहिणं भाग आहे. पाचट जाळलं जातं, हे खरं आहे. तोडणी झाली की खोडव्याला (त्याच मुळांवर फुटणाऱ्या पुढच्या पिकाला) लवकर पाणी द्यायचं असतं, सरीत पाचट अडतं, मजूर मिळत नाही, आणि काडी लावली की तासाभरात रान मोकळं. आम्ही आता पाचट सरीत दाबून कुजवतो. जमिनीला ओल राहते, सेंद्रिय कर्ब वाढतो आणि धूरही नाही. पण कुट्टी करायला यंत्र लागतं आणि ते वेळेवर मिळेलच असं नसतं. ज्याला मिळत नाही तो जाळतो. त्याला नुसत्या शिव्या देऊन काय होणार?

रेवतीताई, पाचटाचं जळकं जवळपास असेल तर ओळखू येतं. पातळ, लांबट, पानाच्या शिरा दिसणारे काळे तुकडे वाऱ्यावर येतात, बोटांत चोळले की भुगा होतो. तसे तुकडे गॅलरीत पडतात का ते बघा. आणि कुंड्यांतल्या पानांवर काळं दिसत असेल तर ओलं फडकं फिरवून बघा. पान चिकट लागलं तर तो धूर नव्हे. मावा किंवा पिठ्या ढेकूण पानावर गोड चिकटा टाकतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे आले की आमच्याकडे हेच होतं. गजांवरचं काळं वेगळं आणि पानांवरचं वेगळं असू शकतं.

रेवती_पुणे

पाटीलदादा, आत्ताच बघून आले. जास्वंदीची पानं चिकट आहेत, तुळशीची अजिबात नाहीत. लांबट तुकडे कधी दिसले नाहीत. हे सांगितलंत ते बरं झालं, मी सगळं एकाच खात्यात टाकत होते.

केशव_ठाणे

पाटीलसाहेब, अगदी मुद्द्याचं लिहिलंत. उसाच्या धुराचा माग तर प्रयोगशाळेतही लागतो, आणि तो प्रकार मला फार आवडतो, म्हणून आधी फिल्टरचं सांगून मग तिकडे येतो.

हवा खेचणाऱ्या पंपापुढे ४७ मिलिमीटरची गोल चकती बसवतात. वजन आणि धातू बघायचे तर टेफ्लॉनची, कार्बन बघायचा तर क्वार्ट्झची, तीही आधी भट्टीत भाजून घेतलेली, म्हणजे तिच्यात आधीचा कार्बन उरत नाही. ठराविक तापमान आणि आर्द्रतेच्या खोलीत चोवीस तास ठेवून वजन करतात, मग नमुना घेतात, पुन्हा चोवीस तास ठेवून पुन्हा वजन. हात लावायचा नाही, चिमट्याने कडेला धरायचं. वापरलेली चकती हातात आली की रंगच बोलतो: बांधकामाजवळची फिकट तपकिरी, चुलींच्या वस्तीतली पिवळट करडी, ट्रकच्या नाक्यावरची मखमलीसारखी काळी. पण रंगावर निकाल देत नाहीत. क्वार्ट्झच्या चकतीचा छोटा तुकडा कापून आधी हेलियममध्ये तापवतात, त्यात सेंद्रिय कार्बन उडतो. मग ऑक्सिजन सोडतात आणि उरलेली काजळी जळते. दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतात.

पुढे खुणा शोधायच्या. लेव्होग्लुकोसान नावाची साखर सेल्युलोज जळल्याशिवाय होत नाही, म्हणून ती सापडली की लाकूड, पाला, पाचट यांपैकी काहीतरी जळलंय. हा पुरावा पोटॅशियमपेक्षा भरवशाचा, कारण पोटॅशियम धुळीतही असतं. इंजिनाच्या वंगणातून होपेन नावाची संयुगं येतात. ब्रेक झिजले की तांबं, बेरियम, अँटिमनी. धुळीत सिलिकॉन, ॲल्युमिनियम, कॅल्शियम. प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळला की ट्रायफिनाइलबेंझीन, सोबत बरेचदा क्लोरीन. मुंबईसारख्या बंदराच्या शहरात जहाजांच्या जड तेलासाठी व्हॅनेडियम आणि निकेल बघतात. जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातलं गंधक अर्ध्या टक्क्यावर आणलं गेलं, त्यामुळे ही खूण आता पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही.

या खुणांचे अनेक दिवसांचे आकडे गणितात घालतात. स्रोतांची प्रोफाइल (कुठल्या धुरात कुठली खूण किती) आधी माहीत असतील तर केमिकल मास बॅलन्स, नसतील तर पॉझिटिव्ह मॅट्रिक्स फॅक्टरायझेशन. दुसऱ्या पद्धतीत संगणक नुसते गट पाडून देतो, त्यांना ‘वाहनं’, ‘धूळ’, ‘जैविक ज्वलन’ अशी नावं माणूसच देतो. संध्याकाळची वाहतूक आणि संध्याकाळचा स्वयंपाक एकाच वेळी होत असतील तर गणित दोघांना एकाच गटात कोंबू शकतं. तेव्हा ‘इतके टक्के वाहनांचे’ असं वर्तमानपत्रात आलं की कुठे मोजलं, कुठल्या महिन्यात, आणि पीएम १० की पीएम २.५, हे विचारावं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात पुण्याचं काम एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केलं होतं आणि मुंबईचं नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने. पुण्यात पीएम १० मध्ये रस्त्यावरच्या धुळीचा वाटा मोठा निघाला. त्यावरून कुणी ‘धूळच मुख्य, डिझेलचं काही नाही’ म्हणालं तर ते बरोबर नाही, कारण धूळ वजनाला जड असते आणि काजळी हलकी. वजनात मागे राहिलेली गोष्ट शरीराला कमी घातक असते असं नाही. डिझेलचा धूर कर्करोग करतो हे आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच त्याला पहिल्या गटात, म्हणजे खात्रीने कर्करोग करणाऱ्यांत, टाकून सांगितलंय.

आता ऊस. कोळसा, डिझेल, पेट्रोल लाखो-कोटी वर्षं जमिनीखाली राहिलेलं, त्यामुळे त्यात कार्बन-१४ (काळाबरोबर नष्ट होत जाणारा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) उरलेला नसतो. लाकूड, पाचट, शेण यांत असतो. म्हणून काजळीतला कार्बन-१४ मोजला की किती हिस्सा जीवाश्म इंधनाचा आणि किती वनस्पतींचा, हे थेट कळतं. आणि हे काम तुमच्या घराजवळ झालंय रेवतीताई, सिंहगडावर! स्टॉकहोमचे ऑर्यान गुस्ताफसन आणि पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ यांनी सिंहगड आणि मालदीवमधल्या हनीमाधू बेटावरचे नमुने तपासले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार एकूण कार्बनी कणांपैकी सुमारे दोन तृतीयांश जैविक ज्वलनाचे निघाले. काजळी वेगळी काढायच्या दोन रीती वापरल्या होत्या, त्यातल्या एकीने निम्मा आणि दुसरीने दोन तृतीयांश हिस्सा जैविक दाखवला. कार्बन-१४ चूल, पाचट आणि वणवा यांत फरक करू शकत नाही. तिथे कार्बन-१३, म्हणजे कार्बनचा किंचित जड प्रकार, मदतीला येतो. ऊस, मका, ज्वारी यांची प्रकाशसंश्लेषणाची रीत झाडांपेक्षा वेगळी, त्यामुळे त्यांच्यात कार्बन-१३ चं प्रमाण स्पष्टपणे जास्त असतं. ते धुरात उतरतं. पाचटावर आरोप करायचा तर निदान ही तपासणी तरी दाखवावी.

मृण्मयी_लंडन

केशवकाका, सुरेख लिहिलंत. इकडची एक गोष्ट सांगते. डिसेंबर १९५२ च्या धुरक्यानंतर इथे १९५६ चा स्वच्छ हवा कायदा आला. त्या काळात धूर मोजायचे तो फिल्टरवरच्या डागाच्या काळेपणावरून, आणि काळेपणाचं वजनात रूपांतर करायचं कोष्टक कोळशाच्या धुरावर बसवलेलं होतं. पुढे कोळसा गेला, डिझेल आलं. डिझेलची काजळी तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त काळी, त्यामुळे जुनं कोष्टक लागू पडेना. मोजायची पद्धतच कुठल्या स्रोतावर बेतलेली आहे हे बघावं लागतं. आता मेरिलबोन रोडसारख्या ठिकाणी काजळी एथॅलोमीटरने सतत मोजली जाते आणि आकडे कुणालाही बघता येतात. पुण्या-मुंबईत रस्त्याकडेला असं कायमचं यंत्र का नसावं?

तुषार_औंध

सिंहगडावर दोन तृतीयांश जैविक, मग शहरातही तेच धरायचं का?

केशव_ठाणे

नाही. गड सुमारे १३०० मीटर उंचीवर. काजळी हवेत काही दिवस ते आठवडाभर टिकते, त्यामुळे गडावर पोचतो तो अख्ख्या प्रदेशाचा मिसळलेला धूर. गावोगावच्या चुली, शेतं, वणवे सगळं त्यात. रेवतीताईंच्या गॅलरीखाली बस आणि टेम्पो वीस मीटरवरून जातात. तिथे स्थानिक वाटा खूप मोठा असू शकतो. मुंबईत तर दिवसाला दोनदा हिशेब बदलतो: दुपारी खारा वारा समुद्रावरची तुलनेने स्वच्छ हवा आणतो, रात्री मतलई वारा जमिनीवरचा सगळा धूर शहरावरून समुद्राकडे नेतो. यंत्र कुठे ठेवलं आणि वारा कुठून होता, यावर उत्तर ठरतं.

रेवती_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. आता सोसायटी म्हणून आम्ही काय करू शकतो? प्रयोगशाळेचा खर्च झेपणार नाही.

केशव_ठाणे

बरंच काही करता येईल. केंद्रीय मंडळाच्या संकेतस्थळावरून जवळच्या स्टेशनचे पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे उतरवून घेता येतात. त्यात पीएम २.५ बरोबर कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि वारा बघा. नायट्रोजनची ऑक्साइडं आणि पीएम हातात हात घालून चढत असतील तर वाहनांवर संशय घ्यायला जागा आहे. पीएम आणि कार्बन मोनॉक्साइड चढले पण नायट्रोजन जागेवर, तर काहीतरी धुमसतंय. रविवार आणि कामाचे दिवस वेगळे काढा. ‘ओपनएअर’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते कुठल्या दिशेच्या आणि किती वेगाच्या वाऱ्यात आकडा चढतो याचं चित्र काढून देतं. वारा पडलेला असताना चढला तर स्रोत जवळचा.

बेकरीवाल्यांना आरोपी करून जाऊ नका, बोलायला जा. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या आणि तंदूर सहा महिन्यांत गॅस किंवा विजेवर न्यायला सांगितलं. आपल्याकडेही आज ना उद्या तो विषय येईल. भट्टी बदलायच्या आधीचे आकडे हातात असतील तरच बदलानंतर काय फरक पडला ते दाखवता येतं, आणि तुलना त्याच महिन्यांची हवी. जानेवारीची जूनशी केली तर पाऊस जिंकेल.

आणि सासऱ्यांना पहाटे फिरायला पाठवू नका. ऊन चांगलं वर आल्यावर जाऊ देत. पहाटे जाणं टळत नसेल तर नीट बसणारा एन९५ लावावा, कापडी मास्क काजळीला अडवत नाही.

रेवती_पुणे

काका, बेकरीत जाऊन आले. मालक मोकळेपणाने बोलले. भट्टी पहाटे तीनच्या सुमाराला पेटते, पहिला तासभरच धूर दिसतो, नंतर निखाऱ्यावर चालतं. संध्याकाळी पावाचा दुसरा घाणा. लाकूड जुन्या फर्निचरचं येतं, रंग आणि लॅमिनेटसकट, आणि याची काळजी त्यांनाही आहे, कारण धुरात उभे त्यांचेच कामगार असतात. गॅस परवडेल का याचा हिशेब ते करतायत. रोज भट्टी पेटवल्याची वेळ वहीत लिहून ठेवायला तयार झालेत.

अनघा_एरोसोल

ताई, ती वही फार मोलाची आहे. रंगवलेलं लाकूड असेल तर केशवकाकांनी लिहिलेल्या खुणांमध्ये शिसं आणि जस्तही धरावं लागेल. पुढेमागे कुणी नमुने तपासायला तयार झालं तर फिल्टर पहाटे तीन ते पाच आणि सकाळी आठ ते दहा असे वेगळे घ्यायला सांगा. चोवीस तासांच्या एका चकतीत भट्टी आणि वाहतूक एकमेकांत मिसळून जातील.

तुषार_औंध

माझ्याकडे त्याच बनावटीचा दुसरा सेन्सर आहे. आधी दोन्ही माझ्या गच्चीवर शेजारी चालवून घेतो, मग एक तुमच्या गॅलरीत आणि एक बेकरीच्या पलीकडच्या इमारतीवर लावू. त्या इमारतीत कुणाची ओळख आहे का? प्लग पॉइंट आणि वाय-फाय मिळालं की झालं.